लाल रेघेतलं सोनं

कोरोनाच्या काळात घरच्या घरी चाचणी करताना पट्टीवर उमटणारी ती लाल रेघ आठवते? अशा बहुतेक पट्ट्यांवरची रेघ सोन्याच्या कणांची असते.

सोनं तर पिवळं! पण हे कण जेमतेम ४० नॅनोमीटरचे, म्हणजे केसाच्या जाडीत शेजारी शेजारी दोनेक हजार मावतील इतके बारीक. एवढ्याशा कणावर प्रकाश पडला की त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन सगळे मिळून एका लयीत हिंदकळतात. ही लय हिरव्या प्रकाशाशी जुळते. हिरवा शोषला जातो आणि आपल्याला दिसतो लाल.

१८५७ मध्ये मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सोन्याच्या क्षारापासून माणकासारखं लाल द्रावण बनवलं. त्यात मीठ टाकलं की ते निळं पडतं, हेही त्यांनी टिपलं. कण एकमेकांना चिकटले की ती लय बदलते, हे आता आपल्याला ठाऊक आहे. या रंगाचं गणित जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्ताव मी (Mie) यांनी १९०८ मध्ये मांडलं. फॅरडेंच्या काही बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवल्या आहेत.

पट्टीत या कणांवर विषाणूला नेमकी चिकटणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) बसवलेली असतात. टीपकागदात शाई पसरावी तसा नमुना पुढे सरकतो. त्यात विषाणूचं प्रथिन असेल तर ते कणांना चिकटतं आणि रेघेच्या जागी पक्की केलेली दुसरी प्रतिपिंडं त्याला कणांसकट धरून ठेवतात. कण साठत जातात, रेघ उमटते. विषाणू थोडे असतील तर कणही थोडेच अडकतात. म्हणून तर फिकट रेघसुद्धा रेघच मानायची. वीज नको, यंत्र नको. मला या साधेपणाचं फार अप्रूप वाटतं.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी तर सोन्याच्या क्षारात चक्क गवती चहाचा अर्क मिसळला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग शाळेच्या पुस्तकात यायलाच हवा. अर्कातल्या साखरेसारख्या द्रव्यांनी क्षारातलं सोनं मोकळं केलं आणि कण झाले चपटे, त्रिकोणी. आकार बदलला तशी लयही बदलली: हे त्रिकोण डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश शोषतात.

लाल रंगाला लागून असलेला हा अवरक्त प्रकाश शरीरात बराच आत पोहोचतो आणि तो शोषणारा कण तापतो. सिलिकाच्या, म्हणजे वाळूतल्या द्रव्याच्या, सूक्ष्म गोळीवर सोन्याचा पातळ मुलामा दिलेले असेच कण वापरून प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या गाठी आतून तापवून जाळण्याच्या चाचण्या रुग्णांवर झाल्या आहेत.