गुडनाइट डेस्डेमोना, गुड मॉर्निंग ज्युलिएट

कॅनडाच्या लेखिका अ‍ॅन-मरी मॅक्डोनाल्ड यांचे इंग्रजी विनोदी नाटक. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ आणि ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ या शोकांतिकांतील नायिका मरणातून वाचल्या तर पुढे काय करतील, हा त्याचा विषय आहे. टोरंटो येथील नाइटवुड थिएटर या स्त्रीवादी नाट्यसंस्थेने ते १९८८ मध्ये बनुता रुबेस यांच्या दिग्दर्शनाखाली प्रथम रंगभूमीवर आणले आणि १९९० मध्ये त्याला नाट्यलेखनासाठीचा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला. बेळगाव सीमाभागातील मराठी वाचकाला हे नाटक दूरचे वाटण्याचे कारण नाही, कारण मराठी ‘ऑथेल्लो’चा एक धागा याच शहरातून जातो, त्याचा विचार पुढे केला आहे.

कॉन्स्टन्स लेडबेली ही क्वीन्स विद्यापीठातील साहाय्यक प्राध्यापिका असून आपल्या वरिष्ठ प्राध्यापकासाठी ती वर्षानुवर्षे लेख लिहून देते, आणि ते लेख त्याच्या नावावर छापून येतात. वरील दोन्ही शोकांतिका मुळात सुखात्मिका होत्या, त्यांच्यात एक शहाणा विदूषक होता आणि शेक्सपिअरने तो काढून टाकल्यामुळेच त्यांचा शेवट मृत्यूत झाला, असा तिच्या प्रबंधाचा सिद्धान्त आहे; त्याचा पुरावा एका सांकेतिक लिपीतील हस्तलिखितात दडलेला आहे, अशी तिची खात्री आहे. ज्या प्राध्यापकावर तिचे प्रेम आहे तो ऑक्सफर्डची जागा आणि दुसरी तरुणी दोन्ही पदरात पाडून घेतो. खचलेली कॉन्स्टन्स आपले कागद केराच्या टोपलीत टाकू लागते आणि त्या टोपलीतच ओढली जाऊन थेट सायप्रसला, ‘ऑथेल्लो’च्या कथानकात, जाऊन पडते.

नाटकाचा कणा असलेला प्रसंग येथेच घडतो. ऑथेल्लोच्या हाताखालचा कपटी अधिकारी इयागो त्याच्या कानात पत्नी डेस्डेमोनाविषयी विष ओतत असतो आणि तिचा हरवलेला हातरुमाल हाच तिच्या बेइमानीचा पुरावा ठरणार असतो; कॉन्स्टन्स पुढे होऊन तो रुमाल इयागोच्याच कपड्यांतून ओढून सर्वांसमोर धरते. तीन शतकांहून अधिक काळ प्रेक्षक ज्या क्षणी खुर्चीत अस्वस्थ होऊन गप्प बसत आले, त्या क्षणी एक बाई बोलते आणि शोकांतिका मोडून पडते. आपण एका अभिजात कृतीचा सत्यानाश केला, या जाणिवेने तीच सर्वांत जास्त घाबरते. वाचलेली डेस्डेमोना मात्र सोशिक पत्नी राहत नाही. ती युद्धाची हौस असलेली, तलवार उपसणारी बाई निघते आणि इयागोने कान भरताच तिला कॉन्स्टन्सचाच मत्सर वाटू लागतो. तेथून ती ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या व्हेरोनात पोहोचते. व्हेरोनात कॉन्स्टन्स रोमिओ आणि ज्युलिएट यांचा विवाह झाल्याचे द्वंद्वयुद्धाच्या मध्येच जाहीर करून टाकते. त्यामुळे रक्तपात टळतो, पण दुसऱ्या दिवशी सकाळीच नवरा-बायको एकमेकांना कंटाळलेले असतात आणि एका पाळीव कासवावरून अशी ओढाताण करतात की ते कासव दुभंगते. दोघेही पुरुषवेषातील कॉन्स्टन्सच्या प्रेमात पडतात. अखेरीस ती ज्याला शोधत असते तो विदूषक आणि तो अज्ञात लेखक तीच असल्याचे तिच्या लक्षात येते. हा उलगडा मानसशास्त्रीय सूत्राबरहुकूम बेतल्यासारखा वाटतो आणि नाटकाचा खरा जोर आधीच्या धुमश्चक्रीत आहे. अवघे पाच नट सगळ्या भूमिका करतात आणि प्राध्यापकाचे काम करणारा नटच ऑथेल्लो होतो, ही योजना मात्र नेमकी टोचते.

मराठीत ‘ऑथेल्लो’ची रूपे अनेक आहेत. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे भाषांतर १८६७ चे आहे. परंतु रंगभूमीवर रुजला तो गोविंद बल्लाळ देवलांचा ‘झुंझारराव’ (१८९०), ज्यात डेस्डेमोनाची कमळजा आणि इयागोचा जाधवराव झाला. देवलांना नाट्यगुरू भेटले ते बेळगावात: अण्णासाहेब किर्लोस्कर, ज्यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. कमळजेला वाचवायला कोणी आले नाही. पण त्याच देवलांनी ‘संगीत शारदा’त (१८९९) म्हाताऱ्या भुजंगनाथाला विकलेल्या शारदेचे लग्न ऐन मांडवात मोडले, तेही सगोत्र असल्याची माहिती उघड करून. एक ठाऊक असलेली गोष्ट योग्य वेळी मोठ्याने सांगितली की अनर्थ टळतो, ही मॅक्डोनाल्ड यांची युक्ती देवलांना अवगत होती. फरक एवढाच की मांडवात बोलणारा पुरुष, नाटकाचा नायक कोदंड, आहे. शारदेच्या वाट्याला त्यानंतरही जीव देण्यासाठी नदीच येते, आणि तेथूनही तिला कोदंडच बाहेर काढतो.

या भागातील कानडी लोकनाट्य मराठी घरांनाही परके नाही. त्यात या नाटकाच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या सापडतात. ‘श्रीकृष्ण पारिजात’ सवतींच्या मत्सराचे हसे करते. गोकाक परिसरातील कौजलगी निंगम्मा या स्त्री कलावंताने तर त्यात स्वतः नाव कमावले. बैलहोंगल भागातील ‘संग्या-बाळ्या’ या सण्णाटात (कानडी लोकनाट्याचा एक प्रकार) मित्राची दगाबाजी, परस्त्रीवरील प्रेम आणि खून असा शोकांतिकेचा सारा ऐवज आहे. मॅक्डोनाल्ड यांच्या पद्धतीने पाहिले तर त्यातील गंगी हीच खरी उपेक्षित नायिका ठरते, कारण कथेचे नाव दोन पुरुषांचे आहे आणि ती दोघांच्या मधली निमित्तमात्र.

नाटकाच्या मराठी रूपांतरात सर्वांत अवघड भाग भाषेचा आहे. मूळ नाटकात शोकांतिकेतील पात्रे निर्यमक छंदात, म्हणजे यमक नसलेल्या लयबद्ध पद्यात, बोलतात आणि कॉन्स्टन्स रोजच्या इंग्रजीत सुरुवात करून नकळत त्यांच्या छंदात घसरते. हशा या घसरणीतून येतो. मराठीत निर्यमक छंदाला तसे सरावाचे रूप नसल्याने, ‘झुंझारराव’ काळातील भारदस्त गद्य एका बाजूला आणि ‘करूलालो’, ‘जाऊलालो’ अशी क्रियापदे वापरणारी बेळगावी बोली दुसऱ्या बाजूला, अशी जोडी सीमाभागातल्या रूपांतरकाराला हाताशी आहे. रुमाल ओढून काढणारी बाई ‘थांबा, काय करूलालाय?’ असे बोलली, तर पुढचा खून करणे झुंझाररावाला कठीण जाईल.