विद्यापीठाच्या कंपनीचा हिशेब हवाय? मग अर्ज विद्यापीठाकडे करा

विद्यापीठं आता कंपन्याही काढतात. नवउद्योगांसाठी उघडलेलं इन्क्युबेशन सेंटर कागदावर पुष्कळदा कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खालची, नफा न वाटणारी कंपनी असते. इमारत विद्यापीठाची, संचालक विद्यापीठाचेच अधिकारी, पैशात शासनाचं अनुदान. तरी हिशेब विचारला की उत्तर येतं, ‘कंपनी स्वतंत्र आहे, तिला माहिती अधिकार लागू नाही.’ धारणी-सिरोंचाकडच्या मुलांचे अर्ज या एका वाक्यावर पडतात आणि मुलं तिथंच थांबतात. थांबू नका.

शासनाची मालकी, नियंत्रण किंवा भरीव अर्थसाहाय्य असेल तर ती संस्था माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ज) खाली येते, म्हणजे तिला हा कायदा लागू होतो. भरीव म्हणजे निम्म्याहून जास्तच असं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या प्रकरणात २०१९ मध्ये सांगितलं आहे. पण हा वाद पहिल्याच अर्जात घालू नका, त्यात वर्षं जातात. विद्यापीठाला मात्र कायदा लागू आहेच, आणि कंपनीचे बरेच कागद त्याच्याच फायलींत असतात. म्हणून अर्ज विद्यापीठाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे करा. कंपनी काढण्याचा व्यवस्थापन परिषदेचा ठराव, जागा वापरण्याचा करार, कंपनीला दिलेल्या रकमा, उपयोगिता प्रमाणपत्रं (अनुदान ठरल्या कामावरच खर्च झाल्याचे दाखले) आणि विद्यापीठाकडे आलेले लेखापरीक्षण अहवाल मागा.

सगळ्यात जास्त अर्ज नावावर अडतात. फलकावर सेंटरचं एक नाव, नोंदणी दुसऱ्याच ‘फाउंडेशन’ची. मग ‘अशी कंपनी अभिलेखात नाही’ असं लिहून अधिकारी मोकळे. ही पळवाट आधीच बंद करा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नेमकं नाव आणि सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, फुकट सापडतं, ते अर्जात लिहा. तिथंच शंभर रुपये भरून ताळेबंद व वार्षिक विवरणपत्रही बघता येतं. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. फक्त मार्चअखेरचा ताळेबंद जूनमध्ये शोधून ‘लपवला’ म्हणू नका. वार्षिक सभेला साधारणपणे ३० सप्टेंबरपर्यंत मुदत असते आणि ताळेबंद त्यानंतर ३० दिवसांत दाखल करायचा असतो.

अर्जात ‘सरकारी कंपनी’ असंही लिहू नका. त्यासाठी ५१ टक्के भागभांडवल केंद्र किंवा राज्य शासनाकडे लागतं. विद्यापीठाची मालकी म्हणजे शासनाची मालकी नव्हे, आणि या एका चुकीच्या शब्दावर सरळ नकार येऊ शकतो.

अर्ज कोणीही भारतीय नागरिक करू शकतो, पण स्वतःच्या नावाने. बचत गटाच्या किंवा शेतकरी गटाच्या लेटरहेडवर केलेला अर्ज ‘अर्जदार नागरिक नाही’ म्हणून परत येऊ शकतो. माहिती कशाला हवी हे सांगायची गरज नाही, कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं. तरीही कारण विचारणारे टेबल आहेत, त्यांना हे कलम दाखवा. जोडपत्र ‘अ’ हा अर्जाचा ठरलेला नमुना, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, साधारण १५० शब्द. दारिद्र्यरेषेखालचा दाखला जोडला तर शुल्क माफ. ‘अमक्यालाच जागा का दिली?’ असं विचारू नका, ‘जागावाटपाच्या निर्णयाची प्रत द्या’ असं लिहा. आधीच्या प्रश्नाला खुलासा द्यावा लागेल आणि तो द्यायला अधिकारी बांधील नाही.

स्पीड पोस्टाने पाठवलंत तर पोच जपून ठेवा. उत्तरासाठीचे ३० दिवस अर्ज पोचल्यापासून मोजायचे, टाकल्यापासून नव्हे. खरा घोळ पुढे होतो. उत्तर आलंच नाही की लोक महिनोन्‌महिने वाट बघतात आणि पहिल्या अपिलाची मुदत हातची जाते. ते ३० दिवस संपले की अपिलाचे ३० दिवस आपोआप सुरू होतात. हे अपील विद्यापीठातच, वीस रुपयांच्या स्टॅम्पवर. त्याचा निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागायला हवा. तिथंही दाद मिळाली नाही तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. नागपूर विभागासाठी आयोगाचं खंडपीठ नागपुरात आहे, अमरावती विभागासाठी अमरावतीत. ‘कंपनी स्वतंत्र आहे’ हा वाद घालायची जागा ती. तोवर विद्यापीठाचा ठराव आणि ताळेबंदाच्या प्रती हाती आलेल्या असू द्या.