सुमात्राच्या टूरला निघण्याआधी: जमिनीवर चालणारी कोकीळ

सुमात्राचं बुकिंग केलंय ना, मग एवढं वाचून ठेवा. प्लॅनमध्ये 'सुमात्रन ग्राउंड कुक्कू' हे नाव बघून बरेच जण फोन करतात की हा पक्षी नक्की दिसेल ना, तर आधीच सांगतो, बहुतेक नाही दिसणार.

कुक्कू म्हटलं की आपल्याला कोकीळच आठवतो, उन्हाळ्यात पहाटे सोसायटीच्या आंब्यावरून ओरडणारा, आणि त्याची मादी अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात. पण मुंबईतल्या आरेच्या जंगलात झुडपांखाली चालत किडे शोधणारा, स्वतःचं घरटं स्वतः बांधणारा भारद्वाज पण याच कुळातला. सुमात्रावाला तसाच पायी फिरणारा, चांगला अर्धा मीटर लांब, पाठ हिरवट, चोच हिरवी आणि डोळ्याभोवती उघडी रंगीत कातडी, म्हणजे एकदा दिसला तर विसरणार नाही असा.

राहतो फक्त बुकित बारिसानच्या जंगलात. ही डोंगररांग सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्याला धरून जाते, आपल्या सह्याद्रीसारखीच. १८७९ मध्ये शास्त्रज्ञांनी याला नाव दिलं, १९१६ नंतर मात्र कोणाला सापडलाच नाही, थेट १९९७ ला त्याचा फोटो मिळाला, मधे ८१ वर्षं गेली! आणि आवाज तर २००७ मध्ये पहिल्यांदा रेकॉर्ड झाला, तोही शिकाऱ्याच्या फाशात अडकलेल्या पक्ष्याचा. हे वाचलं की आम्हाला अजून वाईट वाटतं. जंगल तुटतंय, आणि दुसऱ्या पक्ष्यांसाठी लावलेल्या फाशात हा पण अडकतो, कारण चालतो जमिनीवरच. आज जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांमध्ये याचं नाव आहे.

म्हणून आमच्या टूरवर त्याला जवळ बोलावायला मोबाईलवरून त्याचा आवाज वाजवायचा नाही म्हणजे नाही, कितीही सीनियर बर्डर असलात तरी, आणि तिथे कोणी म्हणालं की पैसे द्या, पकडून आणून दाखवतो, तर सरळ नाही म्हणा आणि आमच्या गाइडला सांगा. पायवाट सोडून आत जायचं नाही. सकाळी उजाडताच निघायचं, एका जागी तासभर गप्प बसायचं, पाचोळ्यात खसखस ऐकू आली तरी उठायचं नाही, ही प्रॅक्टिस हवी असेल तर निघायच्या आधी एका रविवारी आम्ही सगळ्यांना बोरिवलीच्या नॅशनल पार्कात नेतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

जळवा चिकटू नयेत म्हणून घालायचे मोजे आम्ही देऊ, रेनकोट तुमचा तुम्ही आणा, फक्त पिवळा किंवा लाल नको.