सरकारी संशोधन संस्थेतली स्पर्धात्मक खरेदी

जनतेच्या पैशावर चालणारी संशोधन संस्था मशीन, केमिकल, ठिबकचे पाईप, ट्रॅक्टरचे पार्ट असं काहीही घेते तेव्हा ओळखीच्या दुकानातून न उचलता सगळ्या लायक पुरवठादारांना सारखी संधी द्यायची आणि अमुक एकाकडूनच का घेतलं ते कागदावर ठेवायचं, याला स्पर्धात्मक खरेदी म्हणतात. विदर्भात हा विषय निव्वळ स्टोअर आणि अकाउंटवाल्यांचा नाही. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ (स्थापना १९६९) आणि त्याचं सिंदेवाहीसारखं भाताचं केंद्र, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था (१९७६), यांचं काम शेवटी वावरातच उतरतं, त्यामुळं बियाणं तपासायचा जर्मिनेटर मृगाच्या आधी आला नाही तर ती ट्रायल एक अख्खा हंगाम मागे जाते.

केंद्राच्या संस्थांना २०१७ चे सामान्य वित्तीय नियम लागतात, राज्याकडं शासनाची १ डिसेंबर २०१६ ची खरेदी नियमपुस्तिका आहे. रक्कम वाढली की पद्धत बदलते: किरकोळ खरेदी कोटेशनशिवाय, त्यावर खरेदी समिती बाजारात भाव काढते, मग मर्यादित टेंडर (निवडक पुरवठादारांनाच बोलावून), मग जाहीर टेंडर. केंद्राच्या नियमांत कोटेशनशिवायची मर्यादा मुळात २५ हजार होती, समितीची अडीच लाख. जून २०२५ मध्ये वैज्ञानिक संस्थांसाठी, त्यात भारतीय कृषी अनुसंधान परिषदपण आली, संशोधनाची उपकरणं आणि साहित्य घ्यायच्या या मर्यादा २ लाख आणि २५ लाख केल्या. हे बरंच झालं, कारण एका केमिकलच्या बाटलीपायी संशोधक महिनोन्‌महिने अडकून पडायचे. जेम पोर्टल, म्हणजे सरकारी खरेदीचा ऑनलाईन बाजार, २०१६ पासून आहे आणि तिथं मिळणारी सर्वसाधारण वस्तू केंद्राच्या संस्थेला सहसा तिथूनच घ्यावी लागते.

पण खरी स्पर्धा टेंडर उघडायच्या आधीच ठरते, स्पेसिफिकेशन, म्हणजे वस्तू कशी हवी त्याचं वर्णन, लिहितानाच. एखाद्या कंपनीच्या ब्रोशरमधून जसंच्या तसं उतरवलं, म्हणजे डीप फ्रीझरची आतली लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, दाराच्या हँडलचा प्रकारसुद्धा, की बाकीचे सगळे तिथंच बाद. त्याऐवजी काम काय ते लिहावं: उणे २० अंशाला नमुने राहिले पाहिजेत, लाईट गेली तरी इतके तास थंडावा टिकला पाहिजे, आणि बिघडला तर इतक्या दिवसांत माणूस आला पाहिजे. ही शेवटची अट खेड्यातल्या केंद्राला फार महत्त्वाची आहे, कारण सर्व्हिस सेंटर पुण्या-मुंबईत असलं आणि मे महिन्यात कॉम्प्रेसर बसला तर सगळ्यात स्वस्त फ्रीझरच महागात पडतो. नियमातपण सगळ्यात कमी दर म्हणजे अटी पूर्ण करणाऱ्यांमधला कमी दर, म्हणूनच मोठ्या मशीनला तांत्रिक लिफाफा आधी उघडतात, दराचा नंतर.

गैरप्रकार ठरलेलेच आहेत. तीन कोटेशन तीन लेटरहेडवर येतात, पण ऑटोक्लेव्हच्या (वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्राच्या) स्पेलिंगची चूक तिन्हीत तीच, फॉन्टही तोच, अशी कागदं तुलनात्मक तक्त्यात (सगळ्यांचे भाव शेजारी मांडतात त्यात) चढवायच्या आधीच परत पाठवली पाहिजेत. वरची मंजुरी टाळायला एका खरेदीचे तुकडे पाडणं नियमात साफ मना आहे, तरी ३१ मार्च जवळ आला की हा मोह होतो. एकाच कंपनीकडून घ्यायची मुभा आहे, ते मशीन दुसरं कुणी बनवतच नसेल तर, पण तसं प्रमाणपत्र लिहून सही करावी लागते.

लहान उद्योगांचाही यात हक्क आहे. केंद्राच्या २०१२ च्या धोरणाप्रमाणं किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची असते आणि त्यांना बयाणा रक्कम (टेंडरसोबत भरायची अनामत) माफ असते, म्हणजे एमआयडीसीतला शेडनेटचे सांगाडे बनवणारा छोटा कारखानदारपण भाव भरू शकतो. टेंडर बाद झालं तर कारण विचारता येतं, आणि ऑर्डर निघाल्यावर तुलनात्मक तक्त्याची प्रत २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली कुणीही मागू शकतो, मग तो बाद झालेला पुरवठादार असो की गावातला शेतकरी.