जर्मनीतल्या उन्हाळी भाषा-कोर्ससाठी निघताना

हे पत्रक जुलै-ऑगस्टमधल्या चार आठवड्यांच्या कोर्सला जाणाऱ्यांसाठी आहे.

९० दिवसांपर्यंतच्या मुक्कामाला शेंगेन व्हिसा (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा अल्प मुक्कामाचा एकच व्हिसा) पुरतो. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. नियम सांगतो की निदान १५ दिवस आधी करा, पण त्या भरवशावर राहू नका. सुट्टीच्या हंगामात अपॉइंटमेंटच लवकर मिळत नाही. फी प्रौढांना ९० युरो, शिवाय व्हिसा-अर्ज केंद्राचा सेवाआकार. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला, शेंगेन सोडल्यावर आणखी ३ महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा. १८ वर्षांखालील मुलांच्या अर्जाला आई-वडील दोघांची संमती लागते.

अर्ज अडतो तो बहुधा तारखांपायी. प्रवेशपत्र, राहण्याची सोय, विमान आणि विमा, चारही कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत. कोर्स सोमवारी सुरू होतो म्हणून विमा सोमवारपासून घेतला आणि विमान शनिवारचं, तर दोन दिवस विम्याविना राहतात. विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. व्हिसाचे दिवस मोजताना पोचण्याचा आणि निघण्याचा दिवसही धरतात.

पोचायचं ते शनिवारीच, तेही दुपारपर्यंत. रविवारी मोठ्या स्टेशनांवरची मोजकी दुकानं सोडली तर किराणा बंद असतो.

आता खरी तयारी. ए-१ ची, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पातळीची, परीक्षा डिसेंबरात दिली आणि पुस्तक मिटलं, की तिथे वर्ग ठरवणाऱ्या प्लेसमेंट टेस्टमध्ये पुन्हा ए-१ च्याच वर्गात बसावं लागतं. व्याकरण बरं असतं, कान कच्चा असतो. शेवटचे सहा आठवडे रोज अर्धा तास ऐका; डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे ए-१ ते बी-१ पर्यंतचे व्हिडिओ-कोर्स मोफत आहेत. आकडे आणि वेळा तर घोटूनच जा: 'हाल्प आख्ट' म्हणजे साडेसात, साडेआठ नव्हे. खोली शक्यतो दुसऱ्या भाषेच्या मुलाबरोबर मागा. पुण्याची चार मुलं एका मजल्यावर राहिली, की महिनाभर मराठीच सुधारते!

बॅगेत हापूस नको. युरोपीय संघात बाहेरून आंबा न्यायचा तर वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. कढीपत्त्याचीही तीच गत. पेढे, श्रीखंड, तूप हे दुधाचे पदार्थ चालत नाहीत, मांसाचेही नाहीत. मेतकूट, चटण्या, भाजणी खुशाल न्या. औषधांसोबत इंग्रजी प्रिस्क्रिप्शन ठेवा, त्यावर औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव हवं. आपली तीन पिनांची लॅपटॉप-वायर तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही, ॲडॅप्टर इथूनच घ्या. दोन पिनांचे मोबाइल चार्जर सहसा बसतात.

शहरातल्या बस-ट्राम आणि प्रादेशिक रेल्वेसाठी डॉइचलांड-टिकेट (देशभर चालणारा मासिक पास) सोयीचं: जानेवारी २०२६ पासून महिना ६३ युरो. लांब पल्ल्याच्या आयसीई गाड्यांना ते चालत नाही. शिवाय ते वर्गणीसारखं आपोआप पुढे चालू राहतं. जुलैपुरतंच हवं असेल तर १० जुलैच्या आत रद्द करा, नाहीतर ऑगस्टचेही पैसे कापले जातात.