लॅबमधल्या लॉगिनचा पासवर्ड सर्व्हरवर कसा ठेवतात?

नागपूरच्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लिनक्स लॅबमध्ये पोरं रिकाम्या दिसेल त्या मशीनवर बसतात आणि तोच युजरनेम, तोच पासवर्ड सगळीकडे चालतो, कारण खाती एकाच सर्व्हरवर असतात. पण तिथे पासवर्ड लिहून ठेवलेला नसतो. पासवर्डवरून एक हॅश, म्हणजे गणिताने बनवलेली अक्षरांची गिचमिड, काढून तेवढाच ठेवतात, हॅशवरून उलटं मागे जाता येत नाही, लॉगिनच्या वेळी तुम्ही टाइप केलेल्याचा पुन्हा हॅश काढायचा आणि जुळला की आत.

उलटं जाता येत नसलं तरी अंदाज लावता येतो ना! 'नागपूर123', 'संत्रा@123' असे लाखो शब्द घ्या, हॅश काढा, जुळवत बसा. म्हणून युनिक्सवर काम करणाऱ्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी 1979 च्या पेपरमध्ये सांगितलं की हॅश मुद्दाम हळू करा (डीईएस हे तेव्हाचं कूटलेखन 25 वेळा चालवा) आणि त्यात सॉल्ट, म्हणजे प्रत्येक खात्यासाठी एक रँडम आकडा, घाला, 12 बिटांचा, म्हणजे 4096 प्रकार, मग दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश बहुतेक वेगळाच. गंमत बघा, खुद्द थॉम्पसनचाच जुना पासवर्ड 2019 मध्ये फुटला, ग्राफिक्स कार्डला चार दिवसांहून जास्त लागले, निघाली बुद्धिबळाची चाल.

आधी हे हॅश 'पासडब्ल्यूडी' फाइलमध्ये असायचे आणि ती कोणीही वाचू शकायचं. मग ते 'शॅडो' फाइलमध्ये गेले, जी फक्त रूटला, म्हणजे मशीनच्या मुख्य अ‍ॅडमिन खात्याला, दिसते. पण नेटवर्कवर एनआयएस (सगळ्या मशीनना खात्यांची यादी वाटणारी जुनी सेवा) लावलं की बरेचदा सगळं पाण्यात, कारण साध्या सेटअपमध्ये कुठल्याही पोराने 'वायपीकॅट पासडब्ल्यूडी' मारलं की सगळ्यांचे हॅश स्क्रीनवर, घरी नेऊन आरामात फोडा. माझं स्पष्ट मत आहे, एनआयएस आता बंदच करा. एलडॅप (खात्यांची माहिती सर्व्हरला विचारायची पद्धत) टीएलएसवरून, म्हणजे कूटबद्ध जोडणीवरून, वापरलं आणि पासवर्ड सर्व्हरनेच तपासला, तर हॅश सर्व्हर सोडून कुठे जायची गरजच नाही. केर्बेरॉस या दुसऱ्या लॉगिन पद्धतीमध्ये तर लॉगिन करताना पासवर्डसुद्धा नेटवर्कवर जात नाही, ओळख पटवणारी कूटबद्ध तिकिटं फिरतात.

अ‍ॅडमिन लोकांनी शॅडो फाइल एकदा उघडून बघाच. हॅशच्या सुरुवातीला $वाय$ असेल तर येस्क्रिप्ट ही नवी, मुद्दाम हळू पद्धत, छान. $6$ म्हणजे एसएचए-512, चालेल. $1$ म्हणजे जुना एमडी5, आणि डॉलरच नसून नुसती 13 अक्षरं असतील तर तो जुना डीईएस, ज्यात पासवर्डची पहिली 8 अक्षरंच धरली जातात. आणि हॅशच्या पद्धतीचं सेटिंग बदललं म्हणून जुने हॅश आपोआप बदलत नाहीत, सर्व्हरकडे मूळ पासवर्डच नसतो, तेव्हा प्रत्येकाकडून एकदा पासवर्ड बदलून घ्यावाच लागतो.