दोन जीबी रॅमवर कोणती सिस्टीम टाकायची?

जुना लॅपटॉप हाती लागला की जो तो एकच विचारतो, यावर कोणतं लिनक्स (विंडोजऐवजी टाकता येणारी सिस्टीम) टाकू. पण त्याच्या आधी हे बघायला हवं की मशीन अडतंय नेमकं कुठे. माझ्याकडे एक २ जीबी रॅमवाला लॅपटॉप पडून होता, आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क आणि वर विंडोज १०. चालू केला की डिस्कचा तो छोटा दिवा लुकलुकायच्या ऐवजी पेटूनच राहायचा, पाच-सात मिनिटं तसाच, आणि तोवर काहीही क्लिक करा, खिडकी काही उघडायची नाही. सगळे म्हणाले प्रोसेसर म्हातारा झालाय. प्रोसेसर बिचारा रिकामा बसला होता, डिस्कची वाट बघत.

होतं काय, की रॅम भरली की सिस्टीम त्यातले सध्या न लागणारे तुकडे उचलून डिस्कवर ठेवते (पेज म्हणतात त्यांना, बहुतेक पीसींवर ४ केबीचं एक) आणि लागले की परत आणते, यालाच स्वॅप म्हणतात. युक्ती झकास आहे, पण रॅममधून वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात आणि फिरत्या डिस्कला तिचं वाचणारं डोकं योग्य जागी नेऊन वाचायला १० मिलिसेकंदाच्या आसपास, म्हणजे लाखपट फरक झाला. रॅमचा वेळ एक सेकंद धरला तर डिस्क जवळजवळ अठ्ठावीस तास घेते! त्यात एक पेज आत आणायला दुसरं बाहेर काढायचं आणि लगेच ते दुसरंच हवं असतं, असं सुरू झालं की मशीन नुसतं सामानच हलवत बसतं, काम शून्य.

म्हणून थोडा खर्च करायची तयारी असेल तर आधी एसएसडी (न फिरणारी, चिपवाली डिस्क) टाका, सिस्टीम नंतर निवडा. एसएसडीत डोकं हलवायचा प्रकारच नाही, त्यामुळे तो वेळ साधारण शंभर पटीने कमी होतो.

आता सिस्टीम. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, तर तो रस्ता आपल्यासाठी बंदच. लिनक्सचं म्हणाल तर त्याचे उबुंटू, लुबुंटू, डेबियन, फेडोरा असे बरेच तयार संच मिळतात, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, सगळीकडे जवळपास तोच असतो, वजन असतं ते वरच्या डेस्कटॉपचं, म्हणजे खिडक्या आणि मेनू दाखवणाऱ्या भागाचं. उबुंटूचा नेहमीचा ग्नोम डेस्कटॉप काही न उघडताच सहज १ जीबी खातो, लुबुंटूमधला एलएक्सक्यूटी किंवा दुसऱ्या डिस्ट्रोंमधला एक्सएफसीई हे डेस्कटॉप त्याच्या निम्म्या-पाऊण भागात भागवतात, आणि अँटिएक्स ही डिस्ट्रो तर त्याहून काटकसरी, फक्त दिसायला अगदीच साधी. मला लुबुंटू पुरलं.

पण इथे एक गंमत आहे. लोक आठवडाभर या डिस्ट्रोवरून त्या डिस्ट्रोवर उड्या मारतात, शेवटी काय वाचतं तर दोनशे-तीनशे एमबी, आणि तेवढी मेमरी एखादी जड वेबसाइट एका टॅबमध्ये खाऊन टाकते. ब्राउझर सगळीकडे तोच ना, त्याला काय पडलंय खाली कोण आहे! त्यामुळे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाकलं तर कधीकधी डिस्ट्रो बदलण्यापेक्षा जास्त फरक पडतो.

कमी रॅम असेल तर ३२-बिट टाका, असा सल्ला अजून फिरतो. त्यात तथ्य होतं, कारण ३२-बिटमध्ये मेमरीतला प्रत्येक पत्ता ४ बाइटचा असतो आणि ६४-बिटमध्ये ८ चा, म्हणजे तेच काम थोड्या कमी जागेत होतं. पण आता त्या वाटेवर दिवे विझत चाललेत. क्रोमने ३२-बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं, उबुंटूने १७.१० पासून तसा डेस्कटॉप इन्स्टॉलर बंद केला, डेबियन १३ पण ३२-बिट पीसीवर इन्स्टॉल होत नाही. प्रोसेसर ६४-बिट असेल तर ६४ च टाका. नसेलच तर डेबियन १२ वर काही दिवस निघतील, पण जुन्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या कायम मिळत नाहीत, म्हणून त्यावर बँकेची कामं करायच्या फंदात पडू नका.

आणि झेडरॅम चालू करा, हे मी आग्रहाने सांगेन. यात रॅम भरली की पेज डिस्कवर न जाता दाबून रॅममध्येच ठेवली जातात, बऱ्याचदा निम्म्याहून कमी जागेत. दाबायचं-उलगडायचं काम प्रोसेसर करतो, तो तसाही रिकामाच होता. फेडोरामध्ये ३३ व्या आवृत्तीपासून हे आपोआप चालू असतं, बाकी ठिकाणी बहुतेक वेळा एक छोटं पॅकेज टाकावं लागतं. माझ्या लॅपटॉपवर जुनी डिस्क तशीच ठेवून आधी एवढंच करून बघितलं, तर चार-पाच टॅब उघडून दिवा नुसता लुकलुकत होता. आठव्याला मात्र परत पेटून राहिला.

टाकायच्या आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करताच, चालवून बघा, वायफाय आणि आवाज चालतोय का एवढंच तपासायला. वेग त्यावरून ठरवू नका, कारण लाइव्हमध्ये तुम्ही सेव्ह केलेलं सगळं पण रॅममध्येच जातं आणि पेनड्राइव्ह मुळातच हळू, मग चांगली सिस्टीम सुद्धा उगाच बदनाम होते.